दोनशे तास

मोहापी एप्रिलात गेला. शेतात ज्वारीच्या कणसांना रंग चढायला लागला होता. आमच्या मुलखात थंडी मे-जूनात पडते आणि छातीत खाणीची धूळ भरलेली माणसं तिच्या तोंडावरच जातात, त्यामुळे हा-लेसिया गावात कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. तीस वर्षं त्यानं परमुलखातल्या सोन्याच्या खाणीत छत तपासायचं काम केलं आणि शेवटची सहा वर्षं घराच्या भिंतीला टेकून धापा टाकण्यात घालवली. त्याला मातीआड केल्यावर भावकी जमली, मेंढरू कापलं, सगळ्यांची डोकी भादरली आणि घरातल्या एकेकाच्या खांद्यावर काळ्या कापडाचा तुकडा टाचला. त्याची बायको माखोत्सो डोक्यापासून पायापर्यंत काळ्यात गेली.

थोरला खोत्सो गावाशेजारी चाललेल्या बोगद्यावर कामाला होता, त्याचं सुतक दहा दिवसांत उरकलं. काकानं मेंढराचं पित्त पाण्यात कालवून त्याला न्हाऊ घातलं, खांद्यावरचा तुकडा काढून जाळला आणि पोरगा दुसऱ्या दिवशी कामावर गेला. धाकटी केनेवे, एकोणीस वर्षांची. तिला सहा महिने. तिलाही बोगद्यावरच जायचं होतं, पण ते कुणी धरलं नाही. एकाच बापाचं सुतक पोराला दहा दिवस आणि पोरीला सहा महिने कसं, असं विचारणारं त्या अंगणात कुणी नव्हतं. मी शेजारीण, मीही तिथंच बसले होते. मीही विचारलं नाही.

आमच्याकडे पोरगे सातव्या वर्षी गुरांमागे डोंगरात जातात आणि पोरी शाळेत. म्हणून आकडेमोड पोरींना येते आणि हुकूम पोरांचा चालतो. खोत्सो अजून अंगठा लावायचा. केनेवे गणितात अख्ख्या तालुक्यात पहिली आली होती. खालच्या नदीचं पाणी डोंगर फोडून पलीकडच्या धरणात नेणारा बोगदा आमच्या गावाशी सुरू झाला, तेव्हा राजधानीहून, मासेरूहून, थाकाने नावाच्या बाई पांढऱ्या गाडीतून आल्या; बाईमाणसाला आमच्याकडे मानानं म्मे म्हणतात, पुरुषाला न्ताते, म्हणून त्या म्मे थाकाने. हसऱ्या, उंच टाचांच्या. मुलींनी इंजिनिअर व्हावं म्हणून सरकारनं योजना काढली होती. जानेवारीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जमिनीखाली दोनशे तास काम करायचं, मुकादमानं प्रत्येक तासापुढे सही करायची, मग मासेरूच्या तंत्रशाळेत जागा आणि राहणं-खाणं फुकट. तीन मुली निवडल्या. एकीचं लग्न झालं, एक शिवणकामाच्या कारखान्यात गेली, उरली केनेवे. पिवळ्या हेल्मेटातला तिचा फोटो दुकानाच्या भिंतीवर लागला. ‘मुलींनो, डोंगर तुमची वाट बघतो आहे.’ ज्या दिवशी फोटो काढला त्या दिवशी ती अर्धा तास आत होती. बाकीचे बहुतेक दिवस ती स्टोअरमध्ये गमबुटांच्या जोड्या लावत होती आणि साहेबांना चहा करून देत होती.

एप्रिलात बाप गेला तेव्हा तिच्या वहीत चौसष्ट तास होते. जून उजाडला तरी चौसष्टच.

मुकादम रालेबित्सो काही वाईट माणूस नव्हता. मोहापीबरोबर त्यानं वीस वर्षं एकाच खाणीत काढली होती आणि त्याच्या मातीला तो सगळ्यांच्या आधी आला होता. पण बोगद्याच्या तोंडाशी तो उभा राहिला की त्याचा खांब व्हायचा.

“न्ताते, आज तरी आत घ्या,” केनेवे म्हणाली. सकाळचं दव गोठून जमीन पांढरी झाली होती. माणसं घोंगडी काढून खुंट्यांना अडकवत होती.

“काय?”

“आत घ्या म्हणते!”

“मोठ्यानं बोल गं. बायकी आवाज मला लागत नाही.” चाळीस वर्षं ड्रिल मशीनला कान लावून काढलेला माणूस. सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं. “तुझ्या खांद्यावर काय आहे ते बघ. मेलेल्याचा अंधार घेऊन तू डोंगराच्या पोटात शिरणार? आधीच बाई, त्यात सुतकी.”

“खोत्सोदादा जातोय की.”

“त्याचं धुणं झालं. तुझ्या काकाला सांग तुझंही करायला.”

मागून कुणीतरी ओरडलं, “ए इंजिनिअरीणबाई, किटली उकळतेय बघ! तिला हेल्मेट घाल!” माणसं हसली. खोत्सोही हसला, थोडं उशिरा, खाली बघत.

काकाकडे केनेवे तीनदा गेली. काका म्हणाला, सहा महिने म्हणजे सहा महिने, मेलेल्या भावाशी मी खेळ करणार नाही. तिसऱ्या वेळी त्यानं तिला उंबऱ्याच्या आत घेतलंच नाही. थंडीत बाहेर उभी करून बोलला.

त्या आठवड्यात ज्वारीची कापणी चालू होती. मायलेकी पहाटे गोठलेल्या शेतात कणसं कापायच्या, हाताची बोटं वळायची नाहीत. दुपारी माखोत्सोनं मक्याची घट्ट उकड आणि पाल्याची भाजी वाढली आणि पोरीला विचारलं, “किती राहिलेत?”

“एकशे छत्तीस.”

“आणि महिने?”

“अडीच. आजपासून रोज आत गेले तरच होतील.”

माखोत्सोनं हात धुतले. ती फार बोलणारी बाई नव्हती. कोपऱ्यातलं पित्ताचं मडकं काढलं, खोत्सोच्या वेळचं वाळलेलं थोडं उरलं होतं, ते पाण्यात भिजवलं. पोरीला गोठ्यामागं बसवून डोक्यावरून ओतलं. मग दातांनी दोरा तोडून तिच्या खांद्यावरचा तुकडा काढला आणि चुलीत घातला. विधवेनं, स्वतः काळ्यात असताना, असं कुणाचं सुतक काढल्याचं आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नसेल. ते काम नवऱ्याच्या भावाचं.

“आई, काही झालं तर?”

“झालं तर माझ्यावर येऊ दे. तुझा बाप मला ओळखतो.”

दुसऱ्या दिवशी रालेबित्सोनं मोकळा खांदा बघितला. “केलं का धुणं?”

“घरी केलं.”

त्यानं मान हलवली आणि बाजूला झाला. कुणी केलं, ते त्यानं विचारलं नाही.

पुढचे दोन महिने पोरीनं जे काम केलं ते बघून मला तिची दया यायची आणि अभिमानही वाटायचा. दिवसाला कधी दोन तास, कधी चार. आत गुडघाभर गार पाण्यात उभं राहून ती मोजपट्टी धरायची, वहीत मीटर लिहायची, दिवा धरायची. बायकांसाठी आत संडास नव्हता, म्हणून सकाळपासून ती पाणी प्यायची नाही. ओठ फुटले. कुणीतरी तिच्या गमबुटात शेण भरून ठेवलं, ती ते धुऊन ओल्या बुटांनी आत गेली. एकदा एकानं तिच्या हेल्मेटवर खडूनं स्तन काढले आणि ती दिवसभर ते डोक्यावर घेऊन फिरली. तिला संध्याकाळी समजलं. खोत्सोनं ते सकाळीच बघितलं होतं. घरी आल्यावर ती त्याला म्हणाली, “सांगायचंस तरी.”

“काय सांगू? तू आलीस म्हणून मला तिथं कुणी माणसात धरत नाही. बहिणीच्या पदराआड काम करतो म्हणतात.”

“मी दोनशे करून निघून जाईन.”

“लवकर कर,” तो म्हणाला.

छत तपासायला मात्र तिला कुणी शिकवावं लागलं नाही. मोहापी भिंतीला टेकून बसायचा त्या सहा वर्षांत तिनं ते शिकून घेतलं होतं. गोठ्यामागच्या मोठमोठ्या धोंड्यांवर तो तिला काठी मारायला लावायचा. धड खडक खणकन बोलतो, आत भेगाळलेला बद्द वाजतो, फुटक्या मडक्यासारखा. आणि मारताना दुसऱ्या हाताचा तळवा खडकावर ठेवायचा. “कान म्हातारा होतो,” तो म्हणायचा, “तळवा होत नाही.” खोत्सो तेव्हा डोंगरात असायचा. पोरगा घरी असता तर त्यानं पोरीला शिकवलं नसतं, हेही मला ठाऊक आहे.

ऑगस्टातला मंगळवार. त्या दिवसाचे धरून तिच्या वहीत एकशे ब्याऐंशी तास होत होते. शुक्रवारपर्यंत रोज सहा तासांची पूर्ण शिफ्ट मिळाली तर दोनशे भरणार होते. सुरुंग उडवून झाले होते, धूर निवला होता. बोगदा जिथं वळतो तिथं ती मोजपट्टी लावायला थांबली आणि सवयीनं तिथलीच पहार उचलून तिनं छताला मारली. खण्ण. खण्ण. तिसऱ्या ठिकाणी बद्द. तिनं भिंतीच्या वरच्या कडेला तळवा टेकवला आणि पुन्हा मारली. तळव्याखाली खडक थरथरला.

“न्ताते, हे बद्द वाजतंय.”

“काय?”

“बद्द वाजतंय! इथून तिथपर्यंत. छत धरून ठेवायला बोल्ट मारायला हवेत.”

सगळे थांबले. रालेबित्सो आला, तिच्या हातून पहार घेतली, डोकं एका बाजूला कलतं करून तीन घाव घातले. तिसरा बद्दच होता. केनेवे त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यानं डोळे मिटून ऐकायचा प्रयत्न केला, खरंच केला.

“पक्कं आहे,” तो म्हणाला.

“न्ताते, तळवा ठेवून बघा ना.”

“मी तुझ्या जन्माआधीपासून छतं वाजवतोय! तुझा बाप माझ्या हाताखाली शिकला!”

हे खोटं होतं. त्या दोघांत छताचा जाणकार मोहापी होता. पण बापाची आठवण काढून चारचौघांत म्हाताऱ्याला खोटं कोण पाडणार? खोत्सोनं तिचा दंड धरला. “वही लिही तुझी. मला खाली बघायला लावू नकोस.”

शिफ्ट सुटल्यावर ती सरळ गोऱ्या इंजिनिअरच्या केबिनकडे गेली. खडकाबद्दल त्याचा शब्द शेवटचा होता, तो म्हणाला असता तर काम जागच्या जागी थांबलं असतं. पण मुकादमाला ओलांडून ती गेली म्हटल्यावर उरलेल्या तासांपुढे सही होणार नव्हती, हे तिला चालता चालता कळत होतं. दारात ती उभी राहिली. चिखलानं भरलेली, हातात हेल्मेट. त्यानं कागदांवरून मान वर केली.

“अरे वा,” तो हसून म्हणाला, “चहा आणतेस? दोन चमचे साखर.”

तिनं तोंड उघडलं होतं.

“हो,” ती म्हणाली. जाऊन चहा केला, आणून टेबलावर ठेवला. त्यानं आभार मानले. दोन चमचे साखर घालून झाली होती, सांगायचं ते राहून गेलं होतं आणि ती पुन्हा दारात होती. मग ती घरी आली.

बुधवार गेला. गुरुवार गेला. वळणावर येता-जाता ती खोत्सोला म्हणायची, “डाव्या अंगानं चाल.” तो म्हणायचा, “होय हो, इंजिनिअरीणबाई.” बारा तास भरले. रालेबित्सोनं बाराही तासांपुढे सही केली.

शुक्रवारी शिफ्ट लागून अर्धा तासही झाला नव्हता. केनेवे वळणापासून वीस पावलांवर दिवा धरून उभी होती. तिनं बघितलं ते एवढंच, की समोरचे तीन दिवे होते आणि मग एकच होता. आवाज त्यानंतर आला. रालेबित्सोचा हात मनगटापासून चिरडला. दुसऱ्या एकाचा पाय गेला. खोत्सोला बाहेर काढायला संध्याकाळ झाली, आणि काढला तेव्हा घोंगडं गुंडाळूनच आणला. आईला तोंड उघडून दाखवलं नाही.

मातीच्या दिवशी अंगणात गाव मावत नव्हतं. बोलणारा बोललाच. आधी काका उठला. केनेवेचा मोकळा खांदा त्यानं महिन्याभरापूर्वीच हेरला होता. त्यानं भर अंगणात विचारलं, “हिचं सुतक कुणी काढलं?”

माखोत्सो जमिनीवर गादीवर बसली होती. “मी,” ती म्हणाली.

बायका तिच्यापासून सरकल्या. मी पण सरकले, खरं ते सांगते. काका रालेबित्सोकडे वळला. “छत तुम्ही वाजवलं होतं ना?”

“काय?” हाताला पांढरं बँडेज, डोळे लाल.

“छत! वाजवलं होतं?”

“वाजवलं होतं,” तो म्हणाला. “पक्कं होतं.” केनेवे समोरच उभी होती. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही.

“पक्कं छत आपोआप पडत नाही,” काका म्हणाला. “ते पाडलं गेलं.” बस, एवढ्यावर निकाल लागला. विधवेच्या हातानं सुतक काढलं, बापाचा अंधार पोरगी डोंगरात घेऊन गेली आणि डोंगरानं घरातला पुरुष मागून घेतला. कंपनीच्या माणसांनाही हे ऐकून बरं वाटलं असेल. त्यांच्या कागदात ‘अचानक’ असं लिहिलं गेलं.

चौथ्या दिवशी रालेबित्सो आला. घरात शिरला नाही. केनेवेच्या हातात वही ठेवली आणि गेला. शेवटच्या पानावर डाव्या हातानं केलेल्या वेड्यावाकड्या सह्या होत्या. शुक्रवारच्या सहाही तासांपुढे. दोनशे भरले होते.

ज्वारी कापून खळ्यावर आणलेली होती. दरवर्षी मळणीला अख्खी वाडी जमते, गाणी म्हणत समोरासमोर काठ्या चालतात, शेवटी घरधनीण सगळ्यांना ज्वारीची दारू पाजते. माखोत्सोनं रीतीप्रमाणे घरोघर सांगितलं. दारूही गाळून ठेवली. कुणी गेलं नाही. मीही पाठ दुखते म्हणाले आणि माझ्या अंगणात मका निवडत बसले. तिथून खळं दिसत होतं आणि वारा तिकडून इकडे होता. म्हणून मला जे ऐकू आलं ते आलं.

मायलेकी समोरासमोर उभ्या होत्या. धप, धप. केनेवेची काठी थांबली.

“आई, तुझ्या हातानं नाही झालं.”

“काम कर.”

“ते छत बद्द वाजत होतं. मी वाजवलं होतं. तळवा ठेवून.”

माखोत्सोची काठी वर होती, ती तिनं हळूच खाली टेकली. “कधी?”

“मंगळवारी.”

“आणि तो गेला शुक्रवारी.”

“हो.”

“कुणाला सांगितलंस?”

“मुकादमाला. त्यांना ऐकू आलं नाही. मग गोऱ्या साहेबाकडे गेले. त्यानं चहा मागितला.”

“मग?”

“मी चहा दिला.”

“आणि सांगितलं?”

“नाही.” पोरीचा आवाज फुटला. “अठरा तास राहिले होते, आई. मला वाटलं तीन दिवस टिकेल.”

मी मका तसाच मांडीवर धरून बसले. केनेवे रडत पुढं झाली, तशी माखोत्सोनं काठी दोघींच्या मध्ये आडवी धरली. मारायला नाही. नुसती धरली.

“हे आणखी कुणाला सांगितलंस?”

“नाही.”

“सांगू नकोस. कधीच. मी केलं म्हणतात ना, म्हणू दे. मला कुठं जायचंय इथून? तू जा. सोमवारी ती बाई गाडी घेऊन येईल, तीत बस. जे शिकवतील ते सगळं शिक. एक अक्षर सोडू नकोस.”

“आई...”

“आणि सुट्टीला येऊ नकोस. मी मेल्याचा निरोप आला तरी येऊ नकोस.” ती रडत नव्हती, मला वाटतं रडली असती तर बरं झालं असतं. “तुझं वाईट व्हावं असं मला वाटत नाही गं. पण तू समोर आलीस की मी मंगळवार, बुधवार, गुरुवार मोजत बसेन. मला ते नाही जमणार.”

तिनं काठी उचलली. धप, धप. थोड्या वेळानं दुसरी काठीही चालू झाली. दोघींनी अंधार पडायच्या आत सगळी रास झोडून काढली.

सोमवारी म्मे थाकाने आल्या. झाल्या प्रकाराबद्दल त्यांना फार वाईट वाटलं होतं, डोळ्यांत पाणीही होतं. मग त्यांनी माखोत्सोचे दोन्ही हात धरले. “म्मे, या जिल्ह्यातून जाणारी ही पहिलीच मुलगी! एवढ्या दुःखातही तुम्हाला केवढा अभिमान वाटत असेल!”

“वाटतो,” माखोत्सो म्हणाली. तिनं पोरीची पत्र्याची पेटी स्वतः उचलून गाडीत ठेवली आणि दार लोटून घट्ट लागलं का ते ओढून बघितलं.

गाडी निघाली. केनेवे मागच्या काचेला तोंड लावून बघत होती. उतारावर वळणापर्यंत तिचं तोंड दिसत होतं. माखोत्सो खळ्यावर परत गेली होती. तिनं सुपात ज्वारी भरली, ते डोक्याच्या वर उचललं आणि वारा कुठून येतो ते बघत रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली.